सत्तर जणींपासून सुरुवात

पुण्याला लेकीकडे जायचं म्हटलं की मी अजूनही सगळीकडे थांबत जाणारी गाडीच पकडते. घाई कसली आहे आता? दौंड सुटलं, पाटस गेलं की थोड्या वेळात केडगाव येतं. तसं लहानसंच स्टेशन. गाडी थांबते न थांबते तोच निघते. पण तेवढ्यात मी खिडकीतून बाहेर डोकावतेच. ही सवय मला आमच्या आत्याआजीनं लावली.

आत्याआजी म्हणजे माझ्या आजोबांची थोरली बहीण. नवव्या वर्षी लग्न आणि अकराव्या वर्षी कपाळ पांढरं. मी तिला पाहिलं ते लाल आलवणात, डोक्यावरून पदर घट्ट ओढलेली. आमच्या घरात पंडिता रमाबाईंचं नाव निघालं की बाटलेली बाई एवढंच बोललं जाई. आत्याआजीसुद्धा तेच म्हणायची. पण गाडी केडगावला आली की हीच आत्याआजी खिडकीशी सरकायची आणि गाडी पुढे जाईपर्यंत बघत राहायची. ती का बघायची हे मला ती गेल्यावर आईनं सांगितलं. ती विधवा झाली तेव्हा कुणीतरी तिच्या वडिलांना सुचवलं होतं, पोरीला केडगावला धाडा, शिकेल तरी. पोर बाटेल म्हणून वडील नाही म्हणाले. आत्याआजी ऐंशी वर्षांची होऊन गेली. तिला स्वतःचं नाव लिहिता आलं ते साठी उलटल्यावर, माझ्या काकानं पाटीवर गिरवून घेतलं तेव्हा.

मैत्रिणींनो, त्या केडगावच्या बाईंची गोष्ट आज तुम्हाला सांगणार आहे. थोडी वेगळ्या बाजूनं. रमाबाईंची विद्वत्ता आपण शाळेच्या पुस्तकात वाचलेली असते. मला सांगायचंय ते त्यांनी बायकांना एकत्र बसवून प्रार्थनेला कसं लावलं आणि त्या प्रार्थनेतून केवढं काम उभं राहिलं त्याबद्दल.

रमाबाईंचा जन्म 23 एप्रिल 1858 चा, कर्नाटकातल्या गंगामूळच्या रानातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे संस्कृत पंडित. त्यांनी बायकोला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवलं. बाईमाणसाला देवभाषा शिकवली म्हणून लोक नाराज झाले, तेव्हा हे कुटुंब रानात जाऊन राहिलं. पुढे आईनं लेकीला शिकवलं, तेही पहाटे उठून, घरचं काम सुरू व्हायच्या आधी. मग सगळं घरच तीर्थयात्रेला निघालं. गावोगाव देवळात बसून पुराण सांगायचं आणि लोक देतील त्यावर राहायचं.

1874 पासून पुढे दक्षिणेत दुष्काळ पडला. त्यात आधी वडील गेले, मग आई, मग थोरली बहीण. उरले रमा आणि भाऊ श्रीनिवास. ही दोघं भावंडं पायी हिंडत हिंडत 1878 मध्ये कलकत्त्याला पोचली. तिथल्या विद्वानांनी तिची परीक्षा घेतली आणि 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या दिल्या. वीस वर्षांची मुलगी होती हो ती! आपल्याकडे या वयाच्या मुलीला एकटं बाजारात पाठवताना आपण दहादा विचार करतो.

सुख मात्र थोडंच मिळालं. 1880 मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलांशी लग्न केलं. जात वेगळी, प्रांत वेगळा. 1881 मध्ये मनोरमा झाली आणि 1882 च्या फेब्रुवारीत पटकीनं नवरा गेला. तेविशीत, कडेवर तान्ही पोर घेऊन, रमाबाई विधवा झाल्या.

त्या पुण्यात आल्या. 1882 मध्येच त्यांनी आर्य महिला समाज काढला, 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक लिहिलं आणि सरकारच्या हंटर आयोगापुढे साक्ष दिली. बायकांना बाई डॉक्टर हवी, मुलींना शिकवायला बाई शिक्षिका हवी, असं त्यांनी तिथे मांडलं. 1883 मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि त्याच वर्षी सप्टेंबरात वाँटेज इथे त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला.

इथेच आपल्या लोकांचं घोडं अडलं, ते आजही पुरतं सुटलेलं नाही. खरं सांगू का, मलाही पूर्वी ते खटकायचं. पुराणिकाची मुलगी, तोंडपाठ संस्कृत, आणि असं का करावं? पण नंतर वाचलं तेव्हा कळलं की ही बाई तिकडे जाऊनही कुणाच्या ताटाखालचं मांजर झाली नाही. ज्या जोगिणींच्या मठात त्या राहिल्या, त्यांच्याशीही त्यांचे खटके उडाले. क्रुसावर लॅटिन अक्षरं कशाला, संस्कृत का नकोत, असा त्यांचा प्रश्न होता. धर्म मी स्वीकारला तो माझ्या विचारानं, त्याचा अर्थही मीच लावीन, हा त्यांचा बाणा. त्या जन्मभर शाकाहारी राहिल्या, जन्मभर साधं पांढरं लुगडं नेसल्या.

1886 मध्ये त्या अमेरिकेला गेल्या, निमित्त आनंदीबाई जोशी डॉक्टर होण्याच्या समारंभाचं. तिथे गावोगाव व्याख्यानं दिली, हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजी पुस्तक लिहिलं. बोस्टनच्या लोकांनी त्यांच्या कामासाठी रमाबाई असोसिएशन काढून दहा वर्षं पैसे द्यायचं कबूल केलं. तो आधार घेऊन 11 मार्च 1889 रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झालं. पुढच्याच वर्षी ते पुण्याला हलवलं. तिथे शिकलेल्या पहिल्या विधवांपैकी एक गोदूबाई. याच पुढे धोंडो केशव कर्व्यांशी लग्न करून आनंदीबाई कर्वे झाल्या. म्हणजे हिंगण्याच्या कामाचं एक मूळसुद्धा शारदा सदनात आहे, हे किती जणींना ठाऊक असेल?

मग 1893 साल आलं. सदनात धर्म शिकवायचा नाही असं ठरलेलं होतं. रमाबाई शिकवतही नव्हत्या. पण त्या स्वतःच्या खोलीत प्रार्थनेला बसत तेव्हा दार उघडं असे. काही मुली आपणहून येऊन बसू लागल्या. बस्स! गावभर बोभाटा झाला. 'केसरी'नं टीका केली. रानडे, भांडारकर यांच्यासारखी सुधारक मंडळी सल्लागार होती, तीही बाजूला झाली. पालकांनी बऱ्याच मुली काढून नेल्या. पालकांची भीती खोटी होती असं मी म्हणणार नाही. आपली मुलगी दुसऱ्या धर्मात जाईल ही काळजी कुठल्याही आईबापाला असते. पण मला वाटतं, त्या घरी नेलेल्या मुलींचं पुढे काय झालं हे कुणी विचारलं का? माझ्या आत्याआजीचं काय झालं ते मी पाहिलंय.

रमाबाईंनी दार काही लावून घेतलं नाही. 1896-97 मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. स्वतः दुष्काळात आईबाप गमावलेली बाई घरी कशी बसेल? त्या गेल्या आणि उपाशी, बेवारस मुली नि विधवा घेऊन आल्या. तीनशेच्या आसपास. पुण्यात तेव्हा प्लेग. शहरात इतक्या जणींना ठेवायला परवानगी नाही. केडगावला त्यांनी आधीच जमीन घेऊन ठेवली होती. तिथल्या उघड्या माळावर या सगळ्यांना नेलं. 1898 मध्ये तिथे मुक्ती सदन उभं राहिलं. 1900 च्या दुष्काळात गुजरातेतून आणखी मुली आल्या आणि संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

दोन हजार! आपल्याकडे घरच्या कार्याला दोनशे पानं उठवायची तर तोंडचं पाणी पळतं. इथे रोज दोन वेळा दोन हजार. शेती, विणकाम, तेलाचा घाणा, छापखाना, सगळं बायकाच चालवत. फसवल्या गेलेल्या मुलींसाठी कृपा सदन, म्हाताऱ्यांसाठी प्रीति सदन, आंधळ्यांसाठी बार्तिमी सदन. आंधळ्या मुलींना ब्रेल लिपी शिकवायला लेक मनोरमा होती, ती अमेरिकेत शिकून आली होती.

आता येते ती मला सांगायची होती ती गोष्ट.

इतक्या जणी पोटभर जेवत होत्या, शिकत होत्या, तरी रमाबाईंना काहीतरी उणं वाटत होतं. मुली निरनिराळ्या मुलखांतून आलेल्या, निरनिराळ्या भाषा बोलणाऱ्या. कुणी भुकेनं सोलवटून निघालेल्या, कुणी माणसांनी. एका छपराखाली राहणं वेगळं आणि एकमेकींचं होणं वेगळं. शिवाय रमाबाईंच्या मनात होतं की हे काम कुंपणाच्या आत राहू नये. आसपासच्या गावांत या मुलींनीच जावं, आपली श्रद्धा सांगावी, आजाऱ्यापाजाऱ्याची विचारपूस करावी. पण ज्या पोरीला कालपर्यंत मान वर करून बोलायची चोरी होती, ती परक्या गावात चारचौघांपुढे उभी राहणार कशी?

तेव्हा जगात ठिकठिकाणी ख्रिस्ती लोक लहान लहान गट करून प्रार्थनेला बसत होते. ते कसं चालतं हे बघायला रमाबाईंनी मनोरमाला आणि मिनी अब्राम्स या अमेरिकन सहकारी बाईंना ऑस्ट्रेलियाला पाठवलं. 1904 च्या अखेरीस इंग्लंडजवळच्या वेल्समध्ये अशाच प्रार्थनांतून मोठी लाट उठल्याच्या बातम्याही येत होत्या. मग जानेवारी 1905 मध्ये त्यांनी आपल्या मुलींपुढे विषय काढला. सक्ती नाही. ज्यांना मनापासून यायचंय त्यांनी रोज ठरल्या वेळी यायचं. सत्तर जणी आल्या.

दोन हजारांतल्या सत्तर. आपल्यातली एखादी म्हणाली असती, एवढ्याच? जाऊ दे मग. रमाबाई म्हणाल्या नाहीत. सत्तर तर सत्तर. रोज ठरलेली वेळ, ठरलेली जागा. आणि मागणंही ठरलेलं. मला बरं वाटू दे, माझं चांगलं होऊ दे, असं नव्हे. आपल्या घरातल्या बाकीच्या जणींसाठी, देशातल्या सगळ्या ख्रिस्ती लोकांसाठी आणि पुढच्या कामासाठी बळ मागायचं. महिने गेले. जून उजाडेपर्यंत साडेपाचशे जणी दिवसातून दोनदा प्रार्थनेला जमू लागल्या होत्या.

29 जूनच्या पहाटे एका मुलीला आपल्या अंगात जणू आग पेटल्यासारखं वाटलं. तिची मैत्रीण म्हणे पाण्याची बादली आणायलाच धावली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रमाबाई शिकवत असताना सगळ्याच मुली एकदम मोठमोठ्यानं प्रार्थना करू लागल्या. कुणी रडत होती, कुणी गुडघ्यावर, कुणी आपल्या चुका बोलून दाखवत होती. शिकवणं थांबलं. पुढचे कितीतरी दिवस हेच. यावर टीकाही झाली. हा काय गोंधळ, प्रार्थना कशी शांतपणे व्हावी, असं काही ख्रिस्ती मंडळीच म्हणाली. रमाबाईंनी मुलींना गप्प केलं नाही. आपल्या देशातल्या बायका आपल्याच रीतीनं देवाला हाक मारणार, त्यांना परदेशी वळण कशाला लावायचं, असा त्यांचा विचार.

मला यात दैवी काय आणि मनाचं काय, हे सांगता येणार नाही. ज्या मुलींनी आई मेलेली पाहिली, ज्यांना रडायलाही कुणाचा खांदा मिळाला नव्हता, त्या सगळ्या एकत्र बसून मोकळ्या रडल्या एवढं मला कळतं. आपल्याकडे कीर्तनात एखादीचे डोळे वाहू लागतात तेव्हा शेजारची काही विचारत नाही, नुसता पाठीवर हात ठेवते. तसंच असेल ते.

पण रमाबाई तिथेच थांबल्या नाहीत, आणि मला त्यांचं मोठेपण दिसतं ते इथे. रडून झाल्यावर पुढे काय, हे त्यांनी पक्कं ठरवलं होतं. सुमारे सातशे जणींनी प्रार्थना आणि गावांतलं काम या दोन्हींसाठी नाव दिलं. त्यांचे गट पाडले. रोज साठेक जणी आसपासच्या खेड्यांत जायच्या. सातशेत साठ म्हणजे एकीची पाळी महिन्यातून दोन-तीनदा यायची. त्यामुळे शेती, छापखाना, स्वयंपाक, कुठलंच काम अडलं नाही. गेलेल्यांसाठी मागे राहिलेल्या जणी प्रार्थना करायच्या. आणि मोघम नाही, नावं घेऊन करायच्या. जिचं नाव रोज कुणीतरी देवापुढे घेतंय, ती परगावात एकटी कशी राहील?

बघा ना, किती साधी व्यवस्था आहे ही. वेळ ठरलेली. सक्ती नाही. मागणं दुसऱ्यासाठी. नावं घेऊन. पाळीपाळीनं काम. आणि उठल्यावर बाहेर जायचं. कुठल्याही देवाचं नाव घेणाऱ्या बायकांना जमावं असं आहे.

पुढची वर्षं रमाबाईंनी बायबलचं मराठी भाषांतर करण्यात घालवली. खेड्यातल्या बाईला कळेल असं सोपं मराठी हवं म्हणून त्या हिब्रू आणि ग्रीक या मूळ भाषा शिकल्या, आणि छपाईचं काम केडगावच्या बायकांनीच केलं. कान जवळजवळ गेले होते तरी काम चालू. 1919 मध्ये सरकारनं कैसर-ए-हिंद पदक दिलं. जुलै 1921 मध्ये मनोरमा गेली, अवघी चाळिशीची. बापाविना, देशोदेशी सोबत हिंडवून वाढवलेली एकुलती एक लेक. त्यानंतर नऊ महिन्यांच्या आत, 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाईही गेल्या. भाषांतर पुरं झालं होतं. छापलेलं संपूर्ण पुस्तक 1924 मध्ये आलं. केडगावचं काम मात्र थांबलं नाही, आजही चालू आहे.

त्या गेल्या त्याला बरोबर शंभर वर्षं झाली तेव्हा, 2022 च्या मे महिन्यात, कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीनं विधवेचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद करायचा ठराव केला. पेपरात ती बातमी वाचली तेव्हा मला आनंद झाला आणि थोडी लाजही वाटली. शंभर वर्षं लागली आपल्याला!

आणि लाज वाटायला दुसरंही कारण होतं. आमचं भजनी मंडळ आहे, दर गुरुवारी बसतं. वीस-बावीस जणी. टाळ, पेटी, सगळं झकास. पण आमच्याच आळीत चार विधवा आहेत, त्यांना आम्ही कधी बोलावलंच नव्हतं. मुद्दाम टाळलं असंही नाही. नुसतं सुचलंच नाही. त्या आपणहून येत नव्हत्या, आणि आम्ही विचारत नव्हतो. मी मंडळात रमाबाईंची ही सगळी हकीकत सांगितली. एक-दोघींनी नाक मुरडलं, ख्रिस्ती बाईचं आपल्याला काय करायचं म्हणून. मी म्हटलं, धर्म तिचा तिच्यापाशी, पद्धत तर घ्या. मग वहीत चौघींची नावं लिहिली. आरतीच्या आधी ती नावं घ्यायची आणि पाळीपाळीनं दोघींनी त्यांच्याकडे जाऊन यायचं, असं ठरलं. पहिले दोन महिने कुणी आलं नाही. मग एक आली. आता तिघी येतात. त्यांतली एक पेटी इतकी सुरेख वाजवते की काय सांगू! इतकी वर्षं ती पेटी तिच्या माळ्यावर पडून होती. चौथी अजून येत नाही. तिचं नाव आम्ही घेतोच आहोत.

परवा पुण्याहून परत येताना केडगाव आलं. शेजारच्या सीटवर एक कॉलेजची मुलगी होती. मी खिडकीला लागून काय बघतेय, असं तिनं विचारलं. मी तिला रमाबाईंबद्दल सांगितलं आणि आत्याआजीबद्दलही. गाडी हलली. आत्याआजी इथे आली असती तर तिचं नाव तिनं अकराव्या वर्षीच लिहिलं असतं, एवढंच माझ्या मनात येत राहिलं.

तुमच्या आळीतली अशी कोण आहे, जिला अजून कुणी बोलावलेलं नाही? या आठवड्यात मंडळात बसाल तेव्हा तिचं नाव घ्या. आणि उठल्यावर तिच्या दारी जाऊन या.